ओकायामाचा पुडा

कल्पना करा, मुलांनो, की तुम्हाला एक खोटं बोलायचं आहे, आणि ते नुसतं तोंडाने बोलून भागत नाही. ते दुकानातून विकत आणावं लागतं. नीट खोक्यात भरलेलं, वर चित्र छापलेलं. आता पुढची कल्पना करा. ओसाका स्टेशनाच्या पोटात दुकानंच दुकानं आहेत, दिवे झगझगताहेत, विक्रेते ओरडताहेत, आणि त्यांतल्या एकाही दुकानात तुम्हाला हवं असलेलं खोटं मिळत नाही.

जमलं? मग त्या गर्दीत एक आजी शोधा. बुटकी, राखाडी कोट घातलेली, खांद्यावरच्या कापडी पिशवीच्या ओझ्याने एका बाजूला कललेली. तिचं नाव फुसाए. तिच्याबरोबर तिची नात आहे, चिहो. चिहो तिसरीत आहे, पाठीला दप्तरासारखी पिशवी आहे, आणि तिच्या मुठीत एक गुलाबी ऑक्टोपसचं कीचेन आहे.

"ठेव ते," फुसाए म्हणाली.

"का?"

"त्यावर ओसाका लिहिलंय."

"आजी, इथे सगळ्यावरच ओसाका लिहिलंय!"

"दिसतंय मला. ठेव."

दुकानदार गल्ल्यामागून पुढे आला. ओसाकाचे दुकानदार असे असतात, गिऱ्हाईक न घेता निघालं तर त्यांना ते मनाला लागतं.

"घेऊ द्या की आजी! पोरीचा चेहरा बघा, भिजलेल्या पावासारखा झालाय. बरं, कीचेन नको तर ही बिस्किटं घ्या. ऑक्टोपसच्या भज्यांच्या चवीची. नाही आवडली तर येऊन मला शिव्या घाला, मी कुठं पळत नाही."

"ओकायामाचं काही आहे का?" फुसाएने विचारलं.

"कुठलं?"

"ओकायामाचं. किबिदांगो."

किबिदांगो म्हणजे वरीच्या पिठाचे मऊ, गोड गोळे. ओकायामाला गेलेला माणूस ते आणल्याशिवाय परत येत नाही.

दुकानदाराने डोकं खाजवलं. "आजी, उलट्या गाडीत बसलात काय? ओकायामा तिकडं, पश्चिमेला."

"ओकायामा कुठे आहे ते ठाऊक आहे मला."

"मग ते तिथंच घ्यायचं ना! मासळीबाजारात येऊन कुणी मुळा मागतं का?"

चिहो फिस्सकन हसली. फुसाएने तिचा दंड धरला आणि ती तिथून निघाली. हे पाचवं की सहावं दुकान होतं, तिचं तिलाच आठवेना.

आता हे असं का, ते सांगतो.

फुसाए आइओईची. आमचं हे गाव समुद्राच्या एका खाचेत बसलेलं आहे, आणि हिवाळाभर गावातल्या निम्म्या बायका कालवं फोडतात. फुसाएही तेच करते. तिची बोटं आखूड सुरीने इतक्या ठिकाणी कापलेली आहेत, की चिहो लहान असताना त्यांना नकाशा म्हणायची. आइओईच्या स्टेशनावर दोन फलाट समोरासमोर आहेत. एका फलाटावरची गाडी पश्चिमेला ओकायामाकडे जाते, दुसऱ्यावरची पूर्वेला ओसाकाकडे. मधे एक पूल. हा पूल लक्षात ठेवा.

फुसाएचा मुलगा क्योहेई ओसाकाला राहतो. चिहो त्याची मुलगी. चिहोची आई मिनाए आणि क्योहेई वेगळे झाले, तेव्हा चिहो आईकडे आली आणि आईबरोबर आइओईतच राहिली. आमच्याकडे असं झालं की बापाच्या बाजूचं नातं दोर कापल्यासारखं तुटतं. आजीला तर काहीच हक्क उरत नाही. तरी मिनाएने दोर पुरता कापला नाही. महिन्यातून एक रविवार तिने चिहोला आजीकडे पाठवायला सुरुवात केली. अट एकच होती.

"चिहोच्या आजी," ती म्हणाली होती. लग्नात होती तोवर ती फुसाएला 'आई' म्हणायची. वेगळी झाली त्या दिवसापासून 'चिहोच्या आजी'. आणि फुसाए, जी तिला 'अगं मिनाए' म्हणायची, ती आपोआप 'अहो मिनाएसान'वर आली होती. "चिहोच्या आजी, तुम्ही तिला भेटा. पण त्यांच्याकडे नेऊ नका. ते येतो म्हणतात आणि येत नाहीत. मागच्या वाढदिवसाला ही पोरगी बूट घालून दिवसभर दारात बसली होती. जेवायलासुद्धा बूट काढले नाहीत. माझ्या मुलीला आता कुणी वाट बघायला लावायचं नाही. ज्या दिवशी हे मोडेल, त्या दिवशी रविवार बंद."

फुसाएने मान डोलावली होती. पटलंही होतं तिला. बूट काढत नाही म्हणून बसलेल्या मुलीचं चित्र कुणाला आवडेल?

पण मग या वर्षी वाढदिवस जवळ आला, आणि फुसाएने शेगडीपाशी बसून सहज विचारलं, "काय हवं तुला?" चिहो संत्रं सोलत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा."

बस, एवढंच. पुन्हा तिने विषय काढला नाही. त्या न काढण्यानेच फुसाएचा घात झाला.

तर आज सकाळी मिनाएला सांगितलं होतं ते असं, की ओकायामाला जातो, किल्ला बघतो, बाग बघतो, आणि संध्याकाळी परत येतो. मिनाए दोघींना सोडायला स्टेशनावर आली. म्हणून दोघी ओकायामाच्या फलाटावर जाऊन उभ्या राहिल्या. मिनाएने फाटकापलीकडून हात हलवला, दोघींनी हलवला. ती वळणाआड गेल्यावर फुसाए म्हणाली, "चल," आणि दोघी पूल चढून पलीकडच्या फलाटावर उतरल्या. पूल उतरताना चिहोला सगळं समजलं. शेवटच्या तीन पायऱ्या तिने एकदम उडी मारून ओलांडल्या.

ओसाका स्टेशनात वरच्या चौकात सोनेरी रंगाचं मोठं घड्याळ आहे. क्योहेई त्याच्याखाली येणार होता. फुसाएच्या पिशवीत त्याच्यासाठी बरणी होती, सोयाच्या रसात आलं घालून आटवलेली कालवं, जांभळ्या रेशमी रुमालात बांधलेली. काच जाड, बरणी मोठी. पहिला अर्धा तास ती जड लागली नाही.

दोघी बाकावर बसल्या. शेजारी बसलेल्या लोकांची माणसं येत होती, हसत होती, निघून जात होती. बाकावरचे शेजारी तीनदा बदलले. मग फोन वाजला.

"आई, ऐक ना," क्योहेई म्हणाला. मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज येत होता. "आज दोघं जण आलेच नाहीत कामावर. मला सोडत नाहीयेत."

"मग नंतर ये. आम्ही थांबतो."

"संध्याकाळ होईल गं. तुम्ही थांबू नका. पुढच्या वेळी नक्की. आणि तिला काहीतरी घेऊन दे ना माझ्याकडून."

"काय घेऊन देऊ?" फुसाएचा आवाज चढला. शेजारच्या माणसाने पाहिलं, तसा तिने तो खाली आणला. "काय मिळतं रे तुझ्याकडून दुकानात? क्योहेई, मी किती मोठी गोष्ट पणाला लावून आलेय, कळतंय का तुला?"

"आई, साहेब बोलावतोय," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

फुसाएने फोन पिशवीत टाकला, तो बरणीवर आपटून वाजला. चिहो समोरच्या घड्याळाकडे पाहत होती.

"कामात आहेत ना?" ती म्हणाली.

"हो."

"मागच्या वेळीही होते."

आजीने पिशवी खांद्यावर घेतली. ती उठली. आता राहिलं होतं एकच काम.

आमच्याकडे माणूस गाव सोडून कुठेही जाऊन आला, की तिथला खाऊ घेऊन येतो. घरच्यांना, शेजाऱ्यांना, कामावरच्या लोकांना. 'कुठे गेला होतात?' असं कुणी विचारत नाही, कारण खोक्यावरच लिहिलेलं असतं. रिकाम्या हाताने आलेला माणूस हा एक तर उद्धट असतो, नाही तर काहीतरी लपवत असतो. म्हणून घरी परतण्याआधी फुसाएला ओकायामाचा पुडा हवाच होता. आता आइओई ओलांडून थेट ओकायामाला जाऊन घेऊन यावं, तर रात्र झाली असती. एवढं मोठं शहर, इथे काय मिळत नाही, असं तिला सकाळी वाटलं होतं.

इथे सगळं मिळत होतं. ओसाकाचं.

चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने टोपी सावरून नकाशा काढला. "ओकायामाची मिठाई? सरळ जा, दुसऱ्या जिन्याने खाली, मग डावीकडे, मग अर्धा जिना पुन्हा वर, मोठ्या पेढीच्या, त्या बहुमजली दुकानाच्या तळघरात गावोगावच्या नामांकित मिठायांचा कोपरा आहे."

"खाली जाऊन पुन्हा वर?"

"हो. मधे रस्ता आहे ना, त्याच्याखालून जायचं."

दोघी खाली गेल्या. डावीकडे वळल्या. वर आल्या, तर पुन्हा त्याच ऑक्टोपसवाल्या दुकानासमोर.

"आलात!" दुकानदार टाळी वाजवून ओरडला. "मला ठाऊकच होतं! मुळा मिळाला का?"

"चिहो, हसू नकोस," फुसाए म्हणाली. तिच्या बुटातल्या करंगळीला आता फोड आला होता, आणि पिशवीचा पट्टा खांद्यात रुतत होता. "यात हसण्यासारखं काही नाही."

"आजी, मी नाही हसले. ते हसले."

दुसऱ्या खेपेला वाट सापडली. पेढीचं तळघर म्हणजे मिठायांचं गाव होतं. लोक रांगा लावून उभे होते, कुणी केकसाठी, कुणी तांदळाच्या पापड्यांसाठी. नामांकित मिठायांच्या कोपऱ्यात एक विक्रेती उभी होती, पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, छातीवर 'मोरिवाकी' अशी पट्टी.

"किबिदांगो आहे ना!" ती म्हणाली, आणि फुसाएला वाटलं, सुटलो. "म्हणजे असतं. ओकायामाचा माल परवा आला होता, काल संपला. आता बुधवारी येईल."

"आज नाही?"

"आज नाही हो. हिरोशिमाचं देऊ का? पानाच्या आकाराचे केक. ओकायामाच्या पुढचंच गाव की."

"हिरोशिमाचं कसं चालेल? आम्ही ओकायामाला गेलो होतो."

मोरिवाकीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग चिहोकडे. "तुम्ही ओकायामाहून आलात?"

"नाही. म्हणजे... तिकडेच जातोय. जवळपास."

"ओकायामाला जाताय, तर मग ओकायामाचं इथून कशाला नेताय?"

फुसाएच्या मानेवर घाम आला. चिहो काचेतल्या केककडे असं निरखून पाहत होती, जणू तिचा या आजीशी काही संबंध नाही.

"घरातलं जरा अडचणीचं आहे," फुसाए शेवटी म्हणाली.

"असं होय," मोरिवाकीबाई लगेच म्हणाल्या. अडचण म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं, हे त्या जाणत होत्या. "असं करा, वरच्या मजल्यावर मेळा भरलाय, प्रांताप्रांतांचे भरतात तसा. तिथे बघून या. तोवर मी मागे शोधते."

सरकत्या जिन्यांवरून वर जाता जाता चिहोने विचारलं, "आजी, पण आपण खरंच आता ओकायामाला नाही का जाऊ शकत? म्हणजे मग खोटं राहणारच नाही."

"उशीर झालाय."

"पण मग ते..."

"चिहो, पाय दुखताहेत माझे. गप्प राहा जरा."

वरच्या मजल्यावर मेळा होता. होक्काइदोचा. मका, खेकडे, लोणी, बटाटे. उत्तरेच्या टोकाची सगळी थंडी सोडून बाकी सगळं तिथे आणून मांडलं होतं, आणि अर्धं ओसाका ते खायला लोटलं होतं. दारावरचा रखवालदार फार अदबीने वाकला.

"ओकायामाचा मेळा? तो गेल्या आठवड्यात होता, बाईसाहेब."

फुसाए तिथेच जिन्याजवळच्या खुर्चीवर बसली. शेजारी एक म्हातारा भाजलेला मका खात होता. तिने बरणी पिशवीतून काढून मांडीवर घेतली, खांदा चोळला. रुमालाची गाठ घट्टच होती, सकाळी तिने स्वतः मारलेली.

"बाबांना हे आवडतं?" चिहोने विचारलं.

"फार. लहान होता तेव्हा बोटं घालून खायचा. मार खायचा, तरी खायचा."

"मग आले असते तर बरं वाटलं असतं," चिहो म्हणाली. तिने आजीचा नकाशा झालेला हात बरणीवरून उचलला आणि पुन्हा बरणीवरच ठेवला. "त्यांना."

दोघी खाली आल्या तेव्हा मोरिवाकीबाई लांबूनच हात हलवत होत्या. त्यांच्या केसांना धूळ लागली होती. "मिळालं! एक मिळालं! मागच्या फळीवर एका गिऱ्हाइकाने राखून ठेवलेलं होतं, ते आलेच नाहीत न्यायला. तारीख चांगली आहे, बघा."

फुसाएला रडू आवरेना. तिने वाकून आभार मानले, पुन्हा वाकली, चिहोचं डोकंही हाताने खाली केलं. मोरिवाकीबाईही उलट वाकल्या. आणि फुसाए वाकून वर येईपर्यंत घात झाला होता.

मोरिवाकीबाईंनी खोकं गुंडाळलं होतं. कागद तिरका टाकून, खोकं त्यावर उलटवून, दोन कोपरे, तिसरा कोपरा, एकच चिकटपट्टी. बोटं एवढी सराईत, की बघणाऱ्याला वाटावं कागद आपण होऊन मिटतोय. पांढरा जाड कागद, त्यावर उडणाऱ्या निळ्या पाकोळ्या.

त्या पेढीचा पाकोळ्यांचा कागद आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ओळखतं. ही पेढी एकच आहे, ओसाकात. लग्नाचा आहेर, बारशाची भेट, जे मानाचं असेल ते लोक मुद्दाम तिथून घेतात, त्या कागदासाठी. मिनाए आणि क्योहेईच्या लग्नातल्या परतभेटी याच कागदात आल्या होत्या.

"कागद नको होता," फुसाए पुटपुटली.

"छे, छे! घरात अडचण आहे म्हणालात ना. मानाने न्या." आणि मोरिवाकीबाईंनी खोकं दोन्ही हातांनी पुढे केलं. त्या दोन हातांपुढे 'हा कागद काढा' असं म्हणणं फुसाएला जमलं नाही. तुम्हालाही जमलं नसतं.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. कोबे मागे पडलं, समुद्र दिसू लागला, मावळतीचा उजेड डब्यात तिरका पडला. फुसाएने खोकं मांडीवर घेतलं आणि नखाने पट्टी सोडवायला घेतली. पट्टी सुटेना.

"फाड ना," चिहो म्हणाली.

"फाडायचं नसतं."

हे तिनेच चिहोला शिकवलं होतं. भेट आली की कागद फाडायचा नाही, पट्टी अलगद काढायची, घडी घालून खणात ठेवायची. चांगला कागद फाडणारी माणसं चांगल्या गोष्टी टिकवत नाहीत, असं तिची आई म्हणायची. आज कागद फाडून चिंध्या करण्याचा दिवस होता, आणि तिची नखं जन्माची सवय सोडायला तयार नव्हती. शेवटी पट्टी निघाली, एक तंतूही न उचकता. कागद मोकळा झाला, तो कुरकुरत मांडीभर पसरला.

"आता हे टाकून द्यायचं," ती म्हणाली. पण कुठे? डब्यात कचऱ्याचा डबा नाही. हिमेजीला गाडी थांबली तेव्हा ती दारापर्यंत जाऊन आली, फलाटावरही नाही. आमच्या स्टेशनांवर कचरापेटी शोधण्यापेक्षा हरवलेला दात शोधणं सोपं.

"दे माझ्याकडे," चिहोने कागद घेतला. पडलेल्या घड्यांवरूनच तिने तो मिटवला आणि पाठीवरच्या पिशवीत, पुस्तकामागे सरकवला.

"घरी काढू नकोस हं. पुढच्या खेपेला माझ्याकडे आण."

"आजी, मला काय काय खोटं बोलायचंय, ते सांगून ठेव."

"तू काही बोलू नकोस. पुडा बोलेल."

"पुड्याला तोंड आहे?"

"चिहो!"

पण आता उघडं खोकं कसं द्यायचं? कागदाशिवाय खोकं म्हणजे बिनचपलेचा पाहुणा. फुसाए बराच वेळ खोक्याकडे रागाने बघत बसली. मग तिने बरणीचा जांभळा रुमाल सोडला, गाठीवर दात लावून, आणि तो खोक्याला बांधला. क्योहेईची बरणी उघडी पडली. ती तिने पिशवीच्या तळाशी ढकलली, गळपट्ट्याखाली.

मिनाएच्या घराच्या दारात ती रुमाल पुढे करून म्हणाली, "हे थोडंसं. मी निघते आता, उशीर झालाय." ती नेहमी दारातूनच जायची. दोन वर्षांत तिने या घरातली चटई पाहिली नव्हती.

मिनाएने रुमाल हातात घेतला नाही. ती चिहोकडे बघत होती, डोक्यापासून बुटांपर्यंत. "आत या ना," ती म्हणाली. "चहा टाकलाय."

"नको, कशाला..."

"या."

तिघी बैठ्या टेबलाभोवती बसल्या. टेबलावर टाकलेल्या पांघरुणाखाली शेगडीची ऊब होती. फुसाए पाय दुमडून, हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसली, करंगळीचा फोड ठणकत असूनही. मिनाएने रुमाल सोडला. पीचचं चित्र, 'ओकायामा' हे शब्द. तिने खोकं उलटलं. सगळेच उलटतात, तारीख बघायला. पण मिनाएचं बोट तारखेवर थांबलं नाही. ते बनवणाऱ्याच्या पत्त्यावर गेलं. ओकायामा शहर. बोट तिथे टेकलं, आणि टेकूनच राहिलं.

खोटं उभं राहिलं होतं. पुड्याने पुरतं काम केलं होतं.

मिनाएने खोकं खाली ठेवलं. टेबलापासून ती मागे सरकली, दोन्ही तळहात चटईवर टेकवले आणि कपाळ खाली नेलं.

"आई, मला माफ करा."

"अहो, हे काय? उठा!"

"नाही, बोलू द्या मला. सकाळी मी वळणावर थांबले होते. मला वाटत होतं, तुम्ही तिला ओसाकालाच नेणार. मागे येऊन बघावं, असंही वाटलं. आज रविवारची पाळी होती, पण दवाखान्यातल्या कामात दिवसभर लक्ष नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी एक औषध मागितलं, मी दुसरंच दिलं. मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले मी. आणि तुम्ही..." तिने डोळे पुसले. "इतकं चांगलं वागलात. आई, एका रविवारी कशाला, हवं तेव्हा या. जेवायला या."

दोन वर्षांनी ऐकलेलं 'आई' हे असं आलं.

फुसाएचं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. हे सगळं तिला हवं होतं, अगदी हेच, उंबरठा, चहा, जेवायला या. फक्त मान हलवायची होती. तिच्या पिशवीतल्या बरणीने जणू तिला तिथे खिळवून ठेवलं होतं. "अगं मिनाए..." एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि तिची मान मिनाएच्या मानेहून खाली गेली.

चिहो दोघींकडे बघत होती. चटईकडे वाकलेली आई, तिच्याहून खाली वाकलेली आजी, आणि मधे टेबलावर ओकायामाचा पुडा.

ती उठली. दारापाशी ठेवलेली आपली पिशवी तिने आणली, पुस्तकामागून कागद काढला आणि टेबलावर उलगडला. तळहाताने सारखा केला. खोकं उचलून तिने कागदावर तिरकं ठेवलं, मग उलटवलं. घड्या पडलेल्याच होत्या. एक कोपरा, दुसरा कोपरा, तिसरा. मोरिवाकीबाईंइतक्या भरभर नाही, पण एकही न चुकता. पट्टी आता नीट चिकटेना, म्हणून तिने ती अंगठ्याने दाबून धरली.

निळ्या पाकोळ्या वर येतील असं ते खोकं तिने दोन्ही हातांनी आईसमोर ठेवलं.

मग ती टेबलाला वळसा घालून आली, आजीच्या शेजारी बसली, आणि आजीसारखेच पाय दुमडून तिने हात गुडघ्यांवर ठेवले.